एअरलूममधला 'लूम' कुठला?

कडूनिंब
भाचीचं लग्न ठरलंय, त्यामुळे सध्या घरातल्या सगळ्या बायकांचे मोबाइल साड्यांनी भरलेत. त्यात एक शब्द सारखा आडवा येतोय: एअरलूम (heirloom), म्हणजे पिढीजात चालत आलेली वस्तू. एअरलूम पैठणी, एअरलूम पटोला, एके ठिकाणी तर एअरलूम कुर्ता. अजून घडीही न मोडलेली साडी पिढीजात कशी, हा एक प्रश्न. पण त्याहून मला तो शब्दच छळतोय. शेवटी 'लूम' आहे म्हणजे मागाशी काही नातं असणार असं वाटतं. पूर्वी घरातला माग बापाकडून मुलाकडे जायचा त्यावरून शब्द आला, असं एका विक्रेत्याने ठोकून दिलंय. खरं आहे का हे? नुसता कोशातला अर्थ नकोय, तो मलाही सापडला. शब्द असा का झाला ते कुणाला ठाऊक असेल तर लिहा.

मागकरी
आमच्या इचलकरंजीत एअरलूम म्हणालात तर समोरचा विचारेल, नवा घेतला का जुना? एअरजेट म्हणजे हवेच्या झोताने आडवा धागा पलीकडे फेकणारा माग. धोटा नाही, खडखडाट कमी. हप्ते मात्र बापाकडून मुलाकडे नक्की जातात, त्या अर्थाने पिढीजातच. हलके घ्या.
बाकी गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला आणि तेव्हापासून वाटण्यांत माग आहेतच. विक्रेत्याची गोष्ट मला तरी पटण्यासारखी वाटते राव.

शब्दवेल्हाळ
पटण्यासारखी आहे, पण शब्दाचं वय बघितलं की टिकत नाही.

जुन्या इंग्रजीत मूळ शब्द होता 'गेलोमा'. अर्थ अवजार, भांडं, कामाची कुठलीही वस्तू. पुढे तो 'लोम' झाला तरी अर्थ तसाच ऐसपैस होता. कुदळही लोम, पातेलंही लोम. विणकराचा माग हे त्यातलं एक. हळूहळू बाकीची अवजारं गळाली आणि लूम म्हणजे फक्त माग उरला. असं पुष्कळ शब्दांचं होतं. संस्कृतात मृग म्हणजे कुठलंही रानातलं जनावर, मराठीत फक्त हरीण. मजा म्हणजे इंग्रजीत हरणाला 'डिअर' म्हणतात त्याचंही नेमकं हेच झालं, तोही आधी नुसता प्राणी होता.

एअरलूम हा जोडशब्द पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला 'आयर लोम' अशा रूपात सापडतो. तेव्हा लोमचा जुना अर्थ चांगला जिवंत होता. म्हणजे वारसाकडे जाणारी कामाची वस्तू. पुढे सुटा लूम अरुंद झाला, जोडशब्दात मात्र जुना अर्थ टिकला. आणखी एकदोन ठिकाणी तो दडून बसलाय. वल्ह्याच्या दांड्याला इंग्रजी नावाडी अजून लूम म्हणतात. स्कॉटिश बोलीत 'वर्क-लूम' म्हणजे हत्यार.

पहिला अर्धा भाग 'एअर' (heir), म्हणजे वारस. तो लॅटिन 'हेरेस'वरून, फ्रेंचमार्गे आलेला. बोलताना ह कधीच गिळला गेला होता, लिहिताना लॅटिनच्या आदराने तो पुढे बसवला. ऑनर, अवर, ऑनेस्ट यांच्याच पंगतीतला. म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन जेत्यांचा अर्धा आणि सॅक्सन रयतेचा अर्धा असा हा सांधलेला शब्द आहे. थोडक्यात वारस साहेबांच्या भाषेतला, अवजार कुळाच्या.

(अंधारातून काहीतरी मोठं होऊन समोर येणं, या अर्थाचं 'लूम' क्रियापद निराळं. त्याचा इथे संबंध नाही.)

कडूनिंब
शब्दवेल्हाळ, झकास. पण मग पुढचा प्रश्न. भांडी, अवजारं सगळ्यांच्याच घरी असतात आणि माणूस गेल्यावर मुलांकडेच जातात. त्यासाठी खास शब्द कशाला लागला?

सनदी
कारण तिकडे ती मुलाकडे आपोआप जात नसत. इथून पुढे आमचं खातं.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात माणूस मेला की त्याच्या मालमत्तेला दोन वाटा फुटायच्या. जमीन आणि घर वारसाकडे, म्हणजे सहसा थोरल्या मुलाकडे. जंगम वस्तू मात्र मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाकडे. तो आधी मयताची कर्जं फेडणार, मग उरलेलं मृत्युपत्राबरहुकूम वाटणार. आता थोरल्याची अवस्था बघा. घर मिळालं, पण आत जावं तर टेबल गेलेलं, गाडा गेलेला. शेत आहे, नांगर नाही.

म्हणून काही भागांत रूढी पडली की ठरावीक वस्तू जंगम असल्या तरी घराबरोबर वारसाकडेच जातील. कायदेपंडित सर एडवर्ड कोक यांच्या १६२८ च्या ग्रंथात ऑक्सफर्डशायरमधल्या एका भागाची रूढी नोंदलेली आहे: उत्तम गाडा, उत्तम नांगर, उत्तम प्याला वारसाचा. यादी नीट वाचा. दोन तर सरळसरळ शेतीची अवजारं आहेत. शब्दवेल्हाळांनी सांगितलेला 'लोम' तो हाच.

पुढे ब्लॅकस्टन या कायदेपंडिताने इंग्लंडच्या कायद्यांवरच्या टीकेच्या दुसऱ्या खंडात, १७६६ साली, याच प्रकारच्या वस्तू मोजल्या आहेत. राखीव रानातली हरणं, तळ्यातले मासे, कबुतरखान्यातली कबुतरं. जमिनीचे दस्त, आणि ते ज्या पेटीत ठेवलेत ती पेटीसुद्धा. चर्चमधला पूर्वजाचा समाधीचा दगड, तिथे टांगलेली घराण्याची निशाणं. राजमुकुटाचे जुने जवाहीर. गाडे-भांडी काही गावांत चालतात म्हणतो, पण तशी रूढी पक्की सिद्ध करा असा दमही देतो.

हाच ब्लॅकस्टन लूमच्या व्युत्पत्तीत मात्र घसरला. सॅक्सन भाषेत लूम म्हणजे अवयव, असं तो लिहितो, आणि म्हणून एअरलूम म्हणजे वारशाचा अवयव. त्याच्या डोक्यात 'लिम' (limb), म्हणजे अवयव, हा शब्द होता. व्युत्पत्ती चुकीची, पण कायदा समजावून सांगायला तिच्याइतकी सोयीची दुसरी नसेल: घरापासून ती वस्तू तोडली तर घर लंगडं होतं.

एक बारकावा. मालक जिवंत असताना ती वस्तू विकू शकायचा. पण 'घर थोरल्याला आणि नांगर जावयाला' असं मृत्युपत्र चालायचं नाही. मृत्यूच्या क्षणीच रूढीने नांगर वारसाचा झालेला असतो, मृत्युपत्र त्याच्या मागून येतं.

झिपरी
सनदी, यादीत हरणं आली, कबुतरं आली, मासे आले. त्या घरातल्या बायकोचं काय हो?

सनदी
झिपरीताई, तिच्यासाठीही शब्द होता आणि तो तुम्ही रोज वापरता: पॅराफर्नेलिया. आज त्याचा अर्थ 'सगळा लवाजमा, सटरफटर' असा झालाय. मुळात ग्रीक. 'फेर्ने' म्हणजे बाईने माहेरून आणलेला हुंडा, 'पॅरा' म्हणजे त्याशिवायचं. इंग्लिश कायद्यात पॅराफर्नेलिया म्हणजे बायकोचे कपडे आणि तिच्या इतमामाला शोभतील असे दागिने. नवरा गेल्यावर ते तिचे. नवऱ्याने मृत्युपत्रात दुसऱ्याला लिहून दिले तरी तिचेच.

झिपरी
आणि नवरा जिवंत असताना?

सनदी
तेव्हा तो विकू शकायचा.

झिपरी
वाटलंच.
म्हणजे नांगरासारखंच की. आपल्याकडचं स्त्रीधन निदान नावाने तरी तिचं धन होतं. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने तर बाईच्या ताब्यातल्या मालमत्तेची तिला पूर्ण मालक केलं. आणि साहेबाच्या भाषेत तिच्या पाटल्या-बांगड्यांचा शब्द शेवटी सटरफटरवर येऊन टेकला. शब्दांनाही कळतं कोणाची किंमत किती.

पोथीवाला
सनदींनी दिलेली 'उत्तम गाडा, उत्तम नांगर' ही यादी वाचून मनुस्मृतीचा नववा अध्याय आठवला. 'ज्येष्ठस्य विंश उद्धारः सर्वद्रव्याच्च यद्वरम्'. थोरल्याला विसावा हिस्सा जादा, आणि सगळ्या द्रव्यातलं जे उत्तम ते त्याचं. अगदी तेच 'उत्तम' बघा. मधल्याला त्याच्या निम्मं, धाकट्याला पाव.

पण आपल्याकडे गाडी वेगळ्या रुळावर गेली. विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळात मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका लिहिली (कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण). तो म्हणतो, असा विषम विभाग शास्त्रात आहे खरा, पण तो 'लोकविद्विष्ट' आहे, लोकांना तो सहन होत नाही, म्हणून करू नये. नऊशे वर्षांपूर्वी शास्त्रीबुवा सांगतायत की लोकांना पटत नसेल तर वचन बाजूला ठेवा. मला ही ओळ फार आवडते. महाराष्ट्रात वाटणी सारखी होते, याचं मूळ तिथे आहे.

मनुस्मृतीच्या त्याच अध्यायात न वाटण्याच्या गोष्टींचीही यादी आहे: वस्त्र, वाहन, अलंकार, शिजवलेलं अन्न, पाणी, योगक्षेम, गुरांची वाट, आणि हो, घरातल्या दासी. 'न विभाज्यं प्रचक्षते'. ब्लॅकस्टनच्या यादीच्या शेजारी ही ठेवा. तिकडची वस्तू एकाकडे जाते कारण ती घराची. इकडची वाटली जात नाही कारण ती ज्याच्या-त्याच्या अंगावर, ज्याच्या-त्याच्या वापरात. विहिरीचं पाणी तर सगळ्यांचं, पाळीपाळीने.

झिपरी
दासींवरून काही बोलत नाही. कबुतरांच्या यादीला नावं ठेवल्याबद्दल कबुतरांची क्षमा.

सहा_क
नाव वाचून ओळखलं असेलच, आयुष्य तलाठी सजात गेलं. गाव नमुना ६-क म्हणजे वारसा प्रकरणांची नोंदवही. त्यात नांगर नसतो, दागिना नसतो, फक्त जमीन. एअरलूमसाठी आमच्याकडे रकाना नाही.

पण शब्दांचं म्हणाल तर एक भर घालतो. वारस, वारसा आणि मिरास हे तिन्ही अरबीतून आलेले, एकाच धातूचे. गावात मिरासदार म्हणजे पिढीजात जमिनीचा धनी, आणि उपरी म्हणजे बाहेरून येऊन कसणारा. जुन्या कागदांत मिरास हा शब्द ज्या ठसक्यात येतो तो 'वारसा'ला नाही. भाषणांत 'समृद्ध वारसा' ऐकून ऐकून तो शब्द पार बोथट झालाय.

आणि न तुटणारी गोष्ट आपल्याकडे वस्तू नसायची, मान असायचा. वतन. जमिनीचे तुकडे पडले तरी पोळ्याला पहिला बैल कुणाचा, होळीला पहिली पोळी कुणाची, याची वाटणी होत नाही. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांचं वतनी पद गेलं, मानाची भांडणं गेली नाहीत. पोळ्याच्या दिवशी पोलीस पाटलाबरोबर उभा राहिलो आहे, म्हणून सांगतो.

मात्र सगळ्यांना ही मिरास मिरवावीशी वाटत नव्हती. महार वतन हे गळ्यातलं लोढणं होतं. तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या गावकी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वंशपरंपरागत कामांच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याचसाठी. वारशात नकोसं असलेलंही मिळतं, आणि ते नाकारायला कायदा लागतो.

कडूनिंब
सहा_क काका, हे अजिबात डोक्यात नव्हतं. लिहीत राहा.

सीताबर्डी
राजमुकुटाच्या जवाहिरांचा विषय निघाला म्हणून आमच्या नागपूरचं लिहितो. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात गेले. मुलगा नव्हता. डलहौसीने दत्तक मानला नाही आणि १८५४ त राज्य खालसा. पुढे वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात काढले, कवडीमोल भावाने गेले. जवाहीर विकायला कलकत्त्याला रवाना.

भांडण काय होतं? कंपनी म्हणे, ही राज्याची मालमत्ता, राज्य आमचं झालं म्हणजे हीही आमची. बांकाबाई आणि इतर राण्यांचं म्हणणं, ही घराण्याची खासगी. आता सनदींचं वाचून लक्षात येतं, की साहेबाला घरी हा कायदा चांगला माहीत होता. मुकुटाचे दागिने मुकुटाच्या वारसाचे! इथे फक्त वारस कोण ते त्यानेच ठरवलं, आणि स्वतःलाच ठरवलं.

शब्दवेल्हाळ
सीताबर्डी, तुमच्या शेवटच्या वाक्याला इंग्रजीत एक शब्द आहे: एस्चीट. वारस नसलेली जमीन सरंजामदाराकडे किंवा राजाकडे परत जाणं. हे काम बघणारे अधिकारी वारस असतानाही 'नाही' म्हणून जमिनी लाटायचे. त्यातूनच 'चीट' हा शब्द निघाला. फसवणूक या अर्थाचा. डलहौसीचा आणि त्याचा संबंध तुम्ही जोडा.

त्याच अंगाचा दुसरा शब्द हेरियट. कूळ मेलं की त्याच्या गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर जमीनदार घेऊन जायचा. कानाला 'हेरेस'चा नातलग वाटतो, पण नाही. तो जुन्या इंग्रजीतल्या 'युद्धसामग्री' या शब्दावरून, कारण आधी शिपायाने धन्याची हत्यारं परत करायची असत. म्हणजे उत्तम नांगर वारसाला आणि उत्तम बैल धन्याला. पुढे नांगर ओढायचा कुणी?

जनावरांवरून आठवलं. सनदी ज्याला जंगम म्हणतात तो 'चॅटल' आणि गुरं या अर्थाचा 'कॅटल' हे एकच. दोन्ही लॅटिन 'कापिताले'पासून, जिथून 'कॅपिटल' आला. शेतकऱ्याचं भांडवल गोठ्यात असायचं, आपल्या गोधनासारखं.

आणि आता माझा लाडका मुद्दा. हेरेसचं मूळ अनेक भाषाभ्यासक 'रिकामं होणं, मागे राहणं' अशा अर्थाच्या आदिम धातूत शोधतात. त्याच धातूचं ग्रीकमध्ये 'खेरा', म्हणजे विधवा. आणि संस्कृतात 'हा', सोडणे: जहाति, हीन, हानि. वारस म्हणजे मागे उरलेला. या उलट आपला 'दाय' हा दा धातूचा, देणे. दायभाग, दायाद. एकीकडे शब्द गेलेल्याच्या हाताकडे बघतो, दुसरीकडे उरलेल्याच्या.

मांडवीकाठ
दाय गोव्यात अजून घराघरात आहे हां. कोंकणीत दायज म्हणजे वारसा. भाऊबंदांशी कोर्टात उभा राहिला की कळतं किती आहे ते.
आमच्याकडे पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या वळणाचा वारसा कायदा. मुलं असली तर बापाने अर्ध्याहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने भलत्याला देता येत नाही, उरलेली अर्धी मुलांची राखीव, मुलगे-मुली सारखे. वाटणीसाठी इन्व्हेंटरी होते, म्हणजे कोर्टात घरातल्या सगळ्याची यादी. जे तोडता येत नाही त्यावर वारसच आपसांत बोली लावतात. आमच्या नात्यातल्या एका घरी जुन्या शिसवी पलंगासाठी दोन भावांनी अशी बोली चढवली की त्यात चार नवे आले असते. दोघांनाही नको होता, दुसऱ्याला मिळू नये एवढंच.

आयोवा_मुक्काम
इकडे अमेरिकेत एअरलूम म्हटलं की पहिल्यांदा टोमॅटो आठवतो. शनिवारच्या बाजारात वेडेवाकडे, भेगाळलेले, जांभळट टोमॅटो तिप्पट भावाने मांडलेले असतात, पाटी 'एअरलूम'. आम्ही राहतो त्याच राज्यात डेकोराला सीड सेव्हर्स एक्स्चेंज ही संस्था आहे. डायन ऑट व्हीली आणि केंट व्हीली यांनी ती १९७५ मध्ये मिसूरीत सुरू केली. डायनच्या आजोबांनी तिला मॉर्निंग ग्लोरीचं आणि एका गुलाबी टोमॅटोचं बी दिलं होतं, मूळ बव्हेरियातून आलेलं. त्यातून सगळं सुरू.

तांत्रिक अट अशी की वाण मोकळ्या परागीभवनाचं हवं. म्हणजे या वर्षीच्या फळातलं बी पुढल्या वर्षी पेरलं की तेच फळ यायला हवं. संकरित बियाण्याचं तसं होत नाही, पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि दरवर्षी दुकानात जावं लागतं. आपण 'गावरान' म्हणतो ते हेच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे असंच गावरान बी जपतात. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा इथल्या एका शेजाऱ्याला मी 'एअरलूम सीड्स' असंच समजावलं, लगेच समजलं.

कडूनिंबताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे बहुतेक. टोमॅटो तर खाऊन संपतो. पिढीजात असतो तो वाण. नव्या साडीलाही त्याच अर्थाने एअरलूम म्हणत असतील.

कडूनिंब
आयोवा, तुमच्या टोमॅटोतून उगवतो तो पुन्हा टोमॅटो. साडी पेरून साडी उगवत नाही.

पदरावरचा मोर
मी येवल्याची. घरात तीन माग. ताई म्हणतात ते खरं, साडी पेरता येत नाही. पण नक्षी येते. असावली, मुनिया, बांगडी मोर या काही आम्ही शोधल्या नाहीत. सासऱ्यांच्या हाताखाली बसून धागे मोजत शिकले, माझा मुलगा माझ्या हाताखाली शिकला. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं ते यासाठीच ना. विकणारे बोंबलून नाव कमावतात, त्यांचं जाऊ द्या. पण साडी नवी म्हणून तिच्यात पिढीजात काही नाही असं म्हणू नका.

मागकरी
मोरताईंना अनुमोदन. फक्त यंत्रमागावरची पैठणी हाताची म्हणून विकतात त्यांना कुठला शब्द लावायचा तेही सांगा कुणीतरी.

झिपरी
चीट. वर आलाय.

सनदी
साडीवाल्यांच्या बाजूने एक मुद्दा. एअरलूमचा 'पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कुठलीही वस्तू' हा सैल अर्थ सतराव्या शतकापासूनच आहे. कायद्याचा कडक अर्थ त्याच्या शेजारी चालत राहिला. मोठ्या घराण्यांनी तर रूढीची वाट न बघता दस्तच केले: वाडा, जमीन आणि त्यासोबत चित्रं, चांदी, हिरे, सगळं एअरलूम म्हणून बांधून टाकायचं. हयात मालकाने फक्त वापरायचं. १८८२ च्या कायद्याने कोर्टाच्या हुकमाने अशा वस्तू विकायला मुभा दिली आणि कर्जबाजारी उमरावांनी सुस्कारा सोडला. १९२५ च्या कायद्याने मृत्युपत्र न करता गेलेल्याची जमीन थोरल्याकडे जायचा जुना नियमच संपवला, तो १९२६ पासून लागू. त्यानंतर सामान्य माणसाला एअरलूमचा कायदा उरला नाही, आजीचं घड्याळ उरलं.

सहा_क
मग मराठीत काय म्हणायचं ठरलं? वडिलोपार्जित वस्तू म्हटलं की मला लगेच सातबारा दिसतो.

पोथीवाला
पिढीजात. पुरे आहे.

शब्दवेल्हाळ
पिढीजात आजारही असतो, धंदाही असतो. 'वाडवडिलांची चीज' मला जवळचा वाटतो. पण यातला एकही 'घराबरोबर जाते, वाटणीत नाही' हे सांगत नाही. आपल्याकडे तशी रूढी नव्हती, शब्द कुठून येणार.

कोकणमाती
अहो नव्हती कशी? एवढा मोठा धागा झाला आणि कुणाला देव आठवले नाहीत. वाटणीत देव कधी वाटतात? टाक आणि देव्हारा मूळ घरात, थोरल्याकडे. धाकटे गणपतीला तिथेच जमतात. मुंबईला नवं घर घेतलं तरी कुळाचाराला गावच्याच घरी.

आणि वस्तू म्हणाल तर उखळ. आमच्या माजघरात जमिनीत पुरलेलं दगडी उखळ आहे. गेल्या वर्षी घराची वाटणी झाली तेव्हा माजघर मधल्या काकांकडे गेलं, उखळ त्यांचंच, कुणी तोंड उघडलं नाही. जात्यावरून मात्र रामायण. धाकटी काकू म्हणते जातं माझ्या सासूने मला दिलं, मधले म्हणतात उखळ आणि जातं जोडीनं असतं. सनदी, तुमच्या ब्लॅकस्टनला विचारा, जातं कुणाचं?

सनदी
ब्लॅकस्टनला कशाला, इथलाच कायदा पुरे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात 'जमिनीला जोडलेलं' याची व्याख्या आहे: रुजलेलं, म्हणजे झाडं; पुरलेलं, म्हणजे भिंती, इमारती; आणि अशा पुरलेल्या वस्तूला तिच्या कायमच्या उपयोगासाठी जखडलेलं. उखळ पुरलेलं आहे, ते घराचाच भाग, ज्याचं माजघर त्याचं. जातं उचलून ओसरीवर नेता येतं, म्हणजे जंगम. त्याला घराबरोबर जायची सक्ती नाही. सासूने हयातीत हातात दिलं असेल तर ते बक्षीस झालं, जंगमाला नोंदणीकृत दस्त लागत नाही, ताबा दिला की पुरे. काकूंचं पारडं जड आहे. देताना कुणी पाहिलं होतं का, एवढं विचारा.

कोकणमाती
पाहिलं होतं. मधल्या काकांनीच.